सोमवारची हजेरी

आमच्या गल्लीत सोमवार कॅलेंडरवरून कळायचा नाही, वजीरमियांच्या शेरवानीवरून कळायचा. बाकी सहा दिवस हा माणूस खळीनं माखलेल्या लुंगीत अन् बाह्या उसवलेल्या बनियनमध्ये बसलेला. सोमवारी मात्र सकाळी साडेदहाला काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो बाई, चाचा लग्नाला निघाले का?" मी वह्यांचा गठ्ठा बांधता बांधता सांगायची, "नाही. पोलीस चौकीत."

थट्टा नाही, खरंच चौकीत. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर धरपकड झाली तेव्हा वजीरमिया विशीतले. काही महिने आत होते. सुटताना हातात एक उर्दू हुकूम मिळाला, दर सोमवारी अकरा वाजता चौकीत येऊन हजेरी द्यायची. तसले हुकूम त्या काळात ढिगानं निघाले होते. बाकीच्यांनी सहा महिने, वर्षभर हजेरी दिली. मग कोणी विचारीना, तसं लोकांनी जाणं सोडून दिलं. वजीरमियांनी सोडलं नाही. निजाम गेला, हैदराबाद स्टेट गेलं, महाराष्ट्र झाला, चौकीच्या पाटीवरची उर्दू पुसून मराठी आली, अन् हा बाबा आपला दर सोमवारी हजर. थोडीथोडकी नाही, तीस वर्षं!

मी त्यांची शेजारीण. गुलमंडीपासून चार पावलांवर आमचं वह्या-कागदाचं दुकान. त्याच ओट्यावर डाव्या अंगाला वजीरमियांची जिल्दसाजी, म्हणजे पुस्तकं, रजिस्टरं शिवून बांधायचं काम. आमचे हे होते तोवर दोघांची दोस्ती. हे अचानक गेले अन् दुकान माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कुठला कागद शाई फोडतो, एका रजिस्टराला ताव किती लागतात, हे सगळं मला वजीरमियांनीच शिकवलं. मी तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगून ठेवते. त्यांना मी जन्मभर घालून पाडून बोलले. ते मला भाभी म्हणायचे अन् मान खाली घालून सुई ओवायचे.

त्यांचं पालुपद एकच होतं, "लिख के देव", म्हणजे लिहून द्या. कोणी काही कबूल केलं की हे म्हणणारच, लिख के देव. एकदा टरबूजवाला म्हणाला, "साखरेवानी हाय चाचा, बिनघोर न्या." झालं. "लिख के देव." तो बिचारा अडाणी. मग ह्यांनीच माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला, त्यावर लिहिलं, 'सदर टरबूज गोड आहे', अन् त्याचा अंगठा उमटवला. टरबूज निघालं पाणचट. दुसऱ्या दिवशी हे कागद घेऊन त्याच्या गाड्यापुढं उभे! त्यानं मुकाट्यानं दुसरं टरबूज दिलं, वर हात जोडले. तेव्हापासून गल्लीत शिरायच्या आधी तो माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विचारायचा, हायेत का?

डॉक्टरनं तंबाखू सोडा म्हटलं तर त्याच्याकडूनही लिहून आणलं. ती चिठ्ठी घडी करून तंबाखूच्या डबीत ठेवली. रोज चिमूट काढायच्या आधी चिठ्ठी उघडून वाचायचे, मान डोलवायचे, अन् मग चिमूट काढायचे. संक्रांतीला मी म्हटलं, दुपारी जेवायला या. "लिख के देव, भाभी." माझं डोकं फिरलं. बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं, 'या एकदाचे मेलं जेवायला.' ते आले, पोटभर जेवले, अन् जाताना तो कागद खिशात घालून गेले.

कामाला मात्र तोड नव्हती. पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजायचे. आत काय लिहिलंय ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. फाटक्या पुस्तकाला 'मरीज' म्हणायचे. शिकंज्यात, म्हणजे पुस्तकं दाबायच्या लाकडी चापात, मंदिराची पोथी, मशिदीची किताब अन् कॉलेजच्या पोरांची चावट कादंबरी एकावर एक दाबून ठेवायचे. पुजारीबुवा चिडले, तर ह्यांनी शांतपणे पोथी सगळ्यात वर ठेवली. मग मौलवीसाहेब चिडले. शेवटी कादंबरी वर ठेवली, तेव्हा दोघंही गप्प बसले.

लग्न केलं नाही. दुकानामागं एक खोली, तीत स्टोव्ह, खाट अन् पत्र्याची पेटी. सोयगावकडचे होते, आई-बाप लहानपणीच गेले, एवढंच आम्हाला माहीत. मी कितीदा म्हटलं, "अहो, काझीपुढं तर सगळं लिहूनच होतं. मग तुमची अडचण ती काय?" त्यावर हसायचे. "नक्को भाभी, रहने देव."

चौकीत तर ह्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. नवा फौजदार आला की पहिल्या सोमवारी ठरलेला तमाशा. "कोण तू? काय गुन्हा?" "मालूम नाय साहेब. हजेरी हाय." "अरे, कुणी मागितलीय तुझी हजेरी? जा घरी." "हुकूम कागदावर मिळाला साहेब. मना करायचा तर तोबी कागदावर करा. लिख के देव." आता कुठला फौजदार असलं लिहून देतो? दुसऱ्या कुणी काढलेला हुकूम, तोही उर्दूत, तो आपण रद्द केला अन् उद्या काही निघालं तर? सगळे मेले शेपूट घालायचे. मग रजिस्टर उघडून द्यायचे अन् हे त्या दिवसाच्या पानावर कडेला उर्दूत सही करायचे. एका जमादारानं चलाखी केली. म्हणाला, "चाचा, पुढच्या दहा सोमवारच्या सह्या आजच ठोका अन् आम्हाला मोकळं करा." ह्यांनी कानाला हात लावले. "आज का आजच." टायफॉइड झाला तेव्हासुद्धा शेरवानी घालून रिक्षातून गेले होते. मी रिक्षाच्या मागं ओरडत गेले, "मरायचंय का?" तर म्हणाले, "बारा बजे के बाद, भाभी."

आम्ही हसायचो. सगळी गल्ली हसायची. तीस वर्षं एखाद्या माणसाला असं दावणीला बांधून ठेवलंय अन् बांधणाऱ्याला त्याची आठवणसुद्धा नाही, ह्यात हसण्यासारखं काय आहे, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. आज त्याची लाज वाटते.

अजून एक गोष्ट मला खटकायची. दर सोमवारी चौकीतून परत आले की हे माझ्याकडून कधी दोन, कधी चार पोस्टकार्डं घ्यायचे. मी पोस्टातून आणून ठेवायची, गिऱ्हाइकाच्या सोयीला. मला वाटायचं, ह्या एकट्या जिवाला नातेवाईक तरी किती! विचारलं तर म्हणायचे, "है थोडे लोगां."

ते कोण लोक, हे मला कळलं ते आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाल्यावर. भर दुपारी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. अंगावर विटकं लुगडं, पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात पोस्टकार्ड. "वह्याचं दुकान ह्येच का?" म्हणाली. मी कार्ड घेऊन वाचलं. मोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'नामदेव हिथं चवकीत हाय. जित्ता हाय. मार लागला. लवकर या. गुलमंडीजवळ वह्याच्या दुकानात विचारा.' खाली नाव नाही, गाव नाही. पण कार्डाच्या कडेला वजीरमियांच्या खळीचा निळा डाग.

मी तरातरा डाव्या अंगाला गेले. "वजीरमिया! हे काय? माझ्या दुकानाचा पत्ता? मला न विचारता?" ते सुई हातात धरून तसेच बसले. म्हणाले, "मेरा नाम लिखता, तो मेरेकू अंदर जाने देते क्या, भाभी?"

तेव्हा उलगडलं. चौकीत सही करायच्या निमित्तानं ते कोठडीसमोरून जायचे. आत जो असेल त्याला हळूच विचारायचे, नाव काय, गाव काय, घरी कोण. परत आले की कार्ड टाकायचे. चौकीवाले माणूस आणायचे, पुष्कळदा दोन-दोन, चार-चार दिवस कुठं लिहायचे नाहीत, घरच्यांना पत्ता नाही. हे कार्ड पोचलं की मग कोणी तरी आई, बायको, भाऊ येऊन दारात बसायचं. माणूस दारात बसलं म्हणजे आतल्यावर हात जरा जपून पडतो. किती वर्षं हे चाललं होतं कुणास ठाऊक. अन् मी त्यांना पोस्टकार्डावरून टोमणे मारत होते.

बाईचं नाव कावेरी. नवरा नामदेव चितेगावच्या एका कारखान्यात कामाला. तिथं मशीनमध्ये एकाची चार बोटं गेली. त्याला भरपाई मिळावी म्हणून नामदेव कामगारांच्या सह्या गोळा करत फिरला. मालकानं त्याच्यावर चोरीची तक्रार घातली अन् पोलीस त्याला खोलीवरून उचलून घेऊन गेले. कार्ड मिळाल्यावर ती आधी चौकीतच गेली होती. फौजदार म्हणाला, "असला कोणी माणूस आम्ही आणलाच नाही. पळाला असंल तुला टाकून."

"जित्ता हाय का त्यो?" तिनं वजीरमियांना विचारलं.

"सोमवारी होता," वजीरमिया म्हणाले. "मैं बात किया. हात धरून बसला होता. पाणी मागितलं."

"मंग आता कुठं न्हेला?"

बाई तिथंच ओट्यावर बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. तीन दिवस ती रोज येऊन तशीच बसायची.

खरं सांगते, मी घाबरले. चौकीला रजिस्टरं आमच्याच दुकानातून जायची, बांधायचे वजीरमिया. विधवा बाई, एकटीचं दुकान, पोलिसांशी वैर कोण घेणार? मी त्यांना आडोशाला घेऊन म्हटलं, "तुम्ही कार्ड टाकलंत, तुमचं काम झालं. आता ह्यात पडू नका." ते सुई ओवत राहिले. संध्याकाळी गल्लीतल्या तरुण वकिलाला मीच बोलावलं. घाबरत घाबरत, पण बोलावलं. कावेरीच्या तोंडाकडं बघून दुसरं काही सुचेना.

वकील म्हणाला, "मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज करू. चौकीचं रजिस्टर मागवू. पण सोमवारी नामदेवला आत बघितलं, असं कोर्टात सांगणारा माणूस पाहिजे." सगळ्यांनी वजीरमियांकडं पाहिलं. अन् आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला मागं सरकताना पाहिलं. "सोचना पडेंगा," म्हणाले अन् उठून खोलीत गेले.

मला राग आला. तीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेणारा माणूस, स्वतःवर वेळ आली तर पळ काढतो? दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवणानंतर सुस्तावली होती तेव्हा, मी त्यांच्यापुढं जाऊन बसले अन् दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "कसली भीती वाटतेय तुम्हाला?"

त्यांनी पेटी उघडली. तळातून पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. तोच हजेरीचा हुकूम. मला उर्दू येत नाही. त्यांनी बोट ठेवून एक शब्द वाचून दाखवला, "युसूफ."

"युसूफ कोण?"

"मेरा बडा भाई."

मग त्यांनी सांगितलं. दोघं भाऊ सोबतच पकडले गेले होते, सोबतच कोठडीत होते. ह्या गल्लीत यायच्या आधीची गोष्ट, म्हणून आम्हाला कुणाला माहीत नाही. एके दिवशी जमादार दारात आला अन् सुटकेसाठी नाव पुकारलं, युसूफ. मोठ्या भावानं ह्यांना पुढं ढकललं. कानात म्हणाला, "तू छोटा है, तू निकल. मैं आता अगले सोमवार." अंगावरची शेरवानी काढून त्यानं ह्यांना घातली. जमादाराला काय, एक पोरगं अन् दुसरं पोरगं. त्यानं हा हुकूम वजीरमियांच्या हातात दिला अन् बाहेर काढलं.

पुढच्या सोमवारी हे युसूफच्या नावानं हजेरीला गेले. कोठडी रिकामी. ह्यांनी विचारलं, आतला कुठं गेला? जमादार म्हणाला, "कोण आतला?" हे म्हणाले, "वजीर." त्यानं रजिस्टर चाळलं अन् म्हणाला, "वजीर नावाचा कोणी इथं कधी नव्हताच."

"भाभी, मैं सामने खडा," वजीरमिया म्हणाले, "अन् तो मला सांगतो का तू कधी नव्हताच. म्या काय बोलू? मीच वजीर म्हणलं असतं तर भाईचं बलिदान पाण्यात. सही केली, युसूफ. घरी आलो."

मी तो पिवळा कागद घडी करून परत त्यांच्या हातात दिला.

"तवापासून भाई सरकारच्या कागदात जित्ता हाय," ते म्हणाले. "दर सोमवारी हजर. दुनियामें उसका और कुछ नहीं, बस वो एक सही. आता रजिस्टर कोर्टात गेलं तर सही वाचणार. मैं वजीर, सही युसूफ की. मला माझ्या तोंडानं सांगावं लागंल का तो नाय." मग खाली बघत म्हणाले, "निकाहनाम्यावर मी कोण म्हणून लिहिणार होतो, भाभी?"

मी डोळ्याला पदर लावला. बाहेर ओट्यावर कावेरी बसलेली दारातून दिसत होती. तिनं पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढला, बघितला अन् परत बांधून ठेवला. वजीरमियाही तिकडंच बघत होते. मग पेटी बंद करून म्हणाले, "वकीलसाबकू बोलो, मैं आता."

कोर्टात त्या दिवशी ते शेरवानी घालून आले. वार बुधवार होता, म्हणून सगळी गल्ली दचकली.

चौकीचं रजिस्टर आलं. सोमवारच्या पानावर नामदेवचं नाव नाही. वजीरमियांची सहीही नाही. सरकारी वकील छाती काढून म्हणाले, "हा म्हातारा त्या दिवशी आलाच नव्हता. पाहिलं काय अन् सांगतो काय!" फौजदार मागं उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. त्या मेल्यानं नामदेवचं नाव घालवायला आख्खं पान फाडून, नवीन पान लिहून चिकटवलं होतं. सहीचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. अन् ते रजिस्टर बांधलं कुणी, हेही नाही.

वजीरमियांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं रजिस्टर मागितलं. आधी सवयीनं पानं मोजली. सगळं कोर्ट ताटकळलं, पण त्यांनी शेवटपर्यंत मोजली. मग म्हणाले, "साहेब, ताव मधून दुमडून शिवतात. एका तावाची दोन पानं, एक पुढं, एक मागं, दोरा मधात. पुढचं पान उपटलं का मागचं दोऱ्यातून सुटतं. आता बघा." त्यांनी बरीच पानं मागं जाऊन एक पान दोन बोटांनी हलकेच धरलं. ते अलगद हातात आलं. "हा याचा जोडीदार. अन् हे सोमवारचं पान डिंकानं चिटकवलं. डिंक चमकतो. मैं खळ वापरता, कसर लागू नाय म्हणून त्यात मोरचूद टाकता, ती निळी दिसते. ही किताब मीच बांधली."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा वर करून दोन्ही पानं पाहिली. फौजदाराची मिशी खाली आली. आमचा वकील म्हणाला, "बाकीच्या प्रत्येक सोमवारी ह्यांची सही आहे साहेब. नेमक्या ह्याच सोमवारी नाही."

तेव्हा सरकारी वकिलांनी शेवटचा डाव टाकला. "ही उर्दू सही ह्याचीच कशावरून? कोर्टात वाचून दाखवावी." कोर्टात पेशकार, म्हणजे साहेबांचे कारकून होते, निजामाच्या अमलात शिकलेले, घरची पत्रंसुद्धा उर्दूत लिहिणारे. त्यांनी रजिस्टर जवळ धरून वाचलं, "युसूफ वल्द हुसेन. हुसेनचा मुलगा युसूफ."

"अन् साक्षीदाराचं नाव?"

"वजीर वल्द हुसेन," वजीरमिया म्हणाले.

मागच्या बाकांवर लोक हसले. सरकारी वकील हात पसरून म्हणाले, "घ्या! सहीसुद्धा भलत्याची. मग हा युसूफ आहे कुठं?"

मी पाहिलं, वजीरमियांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. त्यांनी एकदा कावेरीकडं बघितलं. मग सावकाश बोलले, "वोइच तो मैं तीस साल से ढूँढरा हूँ, साहेब."

मग सगळं सांगितलं. कोठडी, पुकारा, ढकलणं, रिकामी कोठडी. आवाज चढवला नाही. रडले नाहीत. शेवटी म्हणाले, "माझा भाऊ चौकीत होता, अन् कागदात नव्हता. नामदेवबी होता, अन् कागदात नाय. मला ठाऊक हाय साहेब, कागदात नाय म्हणलं का माणसाचं काय होतं. इस बाई का आदमी होता. सोमवारी जित्ता होता. मैं पानी पिलाया." पेशकार लिहिता लिहिता थांबले, चष्मा पुसला अन् परत लिहायला लागले.

हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी नामदेव लांबच्या एका ठाण्यात सापडला, भलत्याच नावानं ठेवलेला. जिवंत होता. कावेरी त्याला घेऊन गेली तेव्हा दोन माणसांनी त्याला बगलेत धरलं होतं. उजवा हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही, असं नंतर कळलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. फौजदाराची बदली झाली, तीही म्हणे चांगल्या ठिकाणी. कारखानाही तसाच चालू राहिला.

वजीरमियांवर खोट्या सहीचा गुन्हा घालायचं चाललं होतं. पण तो घालायचा तर खरा युसूफ कुठं गेला, हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं. म्हणून ते प्रकरण गुपचूप मिटलं. सोमवारी ते चौकीत गेले, तर नव्या फौजदारानं दारातच अडवलं. "हजेरी युसूफची. तुम्ही तर वजीर. तुमचं इथं काय काम?" बोलणं बिनतोड होतं. वजीरमिया तिथं थोडा वेळ उभे राहिले अन् परत आले. नेहमीसारखी पोस्टकार्डं मागायला माझ्याकडं वळले, अर्ध्यात थांबले अन् आपल्या जागेवर जाऊन बसले. कोठडीत त्या दिवशी कोण होतं, हे आता त्यांना कळणार नव्हतं.

त्यानंतर ते लवकर थकले. काम घ्यायचे, पण सुई ओवायला मला हाक मारायचे. एकदा कोर्टात जाऊन त्यांनी आपल्याच जबानीची नक्कल आणली, शिक्क्यासकट. चार दिवस खोलीचं दार लोटून काहीतरी करत बसले. पाचव्या दिवशी माझ्यापुढं एक जिल्द ठेवली. लाल कापडाचा पुठ्ठा, चामड्याचे कोपरे, असलं काम त्यांनी कलेक्टरच्या रजिस्टरालाही केलं नव्हतं. मी उघडलं. आरंभी ती नक्कल, अन् पुढं सगळी कोरी पानं.

"एवढा चांगला कागद कोरा का घातला?" मी म्हटलं. सवयच माझी.

"दोन-चार कागदांची जिल्द उभी राहत नाय, भाभी. पडते."

मी पानं उलटत राहिले, कारण वर बघायची हिंमत होईना. ते म्हणाले, "ये तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझ्या मागं माझं कोणी नाय, खोली खाली करताना लोक रद्दीत टाकतील. कोणी विचारत आलं, तर सांगा, युसूफ नावाचा एक आदमी था. चौकीत होता."

"सांगेन," मी म्हटलं.

वजीरमियांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. दुकान माझ्या सुनेनं घेतलंय, तिथं आता झेरॉक्सचं मशीन आहे. ती लाल जिल्द माझ्या कपाटात आहे. मी वाट पाहिली, पण विचारत कोणीच आलं नाही. म्हणून न विचारताच सांगितलं.